मार्सेयची सुईण : तिने ते शब्द म्हणावेत का? (कथेसाठी मदत हवी आहे)

शेवंती :

नमस्कार मंडळी. दीड वर्ष झालं, एक कथा हातात घेतली आहे आणि ती एका जागी अडून बसली आहे. इथे डॉक्टर आहेत, इतिहास वाचणारे आहेत, गोव्यातले आणि कोकणातले लोक आहेत, म्हणून धागा काढते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

कथेचं बीज खऱ्या खटल्यात आहे. १४०३ साली मार्सेय बंदरात फ्लोरेता नावाच्या एका ज्यू सुईणीवर खटला उभा राहिला. तिने जिचं बाळंतपण केलं ती ख्रिस्ती बाई दगावली होती. सुईणीवर चाललेल्या खटल्यांच्या युरोपातल्या अगदी जुन्या नोंदींपैकी ही एक. मला फ्लोरेताचं चरित्र लिहायचं नाही. तिच्याच शहरातली, तिच्याच काळातली दुसरी एक सुईण माझ्या मनात आहे. तिला मी नाव दिलेलं नाही. कागदोपत्री ती ‘अमक्याची विधवा’ एवढीच राहील.

थोडी पार्श्वभूमी सांगते. मार्सेय तेव्हा फ्रान्सच्या राजाच्या हाताखाली नव्हतं, ते प्रोव्हान्सच्या काउंटकडे होतं. फ्रान्सच्या राजाने १३९४ मध्ये आपल्या मुलखातून ज्यूंना हाकललं, पण प्रोव्हान्समध्ये ते अजून राहत होते. पुढे शंभर वर्षांनी, १५०१ च्या सुमारास, तिथूनही त्यांना जावं लागलं. म्हणजे माझी सुईण दोन हकालपट्ट्यांच्या मधल्या फटीत जगते आहे. १३४८ मध्ये प्लेग आला तेव्हा जवळच्याच तुलाँमध्ये लोकांनी ज्यू वस्तीवर हल्ला करून माणसं मारली होती. तिच्या आजीने हे जवळून ऐकलेलं असणार. घरात त्याबद्दल कोणी बोलत नसेल, पण पोरींना रात्री खिडकीत उभं राहू देत नसतील.

आणि तरीही हिला बोलावणं येतं. ख्रिस्ती घरांतूनही येतं. १२४६ च्या बेझिए धर्मपरिषदेने सांगून ठेवलं होतं की ज्यू वैद्याकडे जाणाऱ्या ख्रिस्ती माणसाला धर्मबहिष्कृत करा. असे हुकूम ठिकठिकाणी, पुन्हा पुन्हा निघाले. पुन्हा पुन्हा काढावे लागले याचा अर्थ लोक ते पाळत नव्हते. मार्सेयमध्ये तर वैद्यांत ज्यूंचा वाटा मोठाच होता. १३२६ सालचा तिथला एक करार आहे, त्यात साराह नावाची एक ज्यू बाई एका शिकाऊ माणसाला वैद्यकी शिकवायचं कबूल करते. बाई शिकवते आहे, पुरुष शिकतो आहे, आणि नोटरी ते नोंदवून घेतो आहे! मला हे वाचून किती आनंद झाला सांगू.

मग अडलं कुठे? बाप्तिस्म्याशी.

त्या काळच्या ख्रिस्ती श्रद्धेनुसार बाप्तिस्मा न होता गेलेलं बाळ स्वर्गाला मुकतं. त्यामुळे मूल जगत नाही असं दिसलं की सुईणीने तिथल्या तिथे पाणी घालून बाप्तिस्मा द्यायचा, हे तिच्या कामातच धरलेलं असे. सुईण ख्रिस्तीच हवी या आग्रहामागचं मोठं कारण हे होतं. माझ्या कथेत रात्रीची वेळ आहे, वादळ आहे, पाद्री येऊ शकत नाही. बाळ निळं पडलंय. आई हिचा हात धरून म्हणते, ‘तू म्हण ते शब्द.’

पहिल्या खर्ड्यात ती नकार देते, दुसऱ्यात ती म्हणते. दोन्ही वाचून पाहिले, दोन्ही खोटे वाटले. तुमच्यापैकी कोणाला काय वाटतं? आणखी एक: शेवटी इन्क्विझिशनचे (धर्मद्रोह शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचे) लोक तिला धरून नेतात असं लिहिलंय, ते काळाला धरून आहे ना? आणि दुसऱ्या खर्ड्यात तिच्याकडे मूल ओढून काढायचं एक चमच्यासारखं हत्यार आहे, ते ठेवू का काढू?

जुनी_पाने :

धागा फार आवडला. आधी शेवटच्या दोन शंकांचं उत्तर देतो.

इन्क्विझिशनचा अधिकार मुळात बाप्तिस्मा झालेल्या माणसांवर. जन्माने ज्यू असलेली, कधीच बाप्तिस्मा न घेतलेली बाई तत्त्वतः त्यांच्या कक्षेबाहेर. मार्सेयचा तो खटला शहरातल्या नेहमीच्या फौजदारी न्यायालयात चालला. तुमच्या कथेतही तसंच ठेवा. काळे झगेवाले आले की वाचक लगेच ‘हे दुष्ट’ म्हणून मोकळा होतो. साधा न्यायाधीश, साधा लेखनिक, शेजारपाजारच्या बायका साक्षीला, हे जास्त भीतिदायक आहे. ज्यांची बाळंतपणं तिने केली त्याच बायका साक्ष द्यायला उभ्या आहेत, असं डोळ्यांपुढे आणा.

हत्यार काढून टाका. प्रसूतीचा चिमटा इंग्लंडमधल्या चेंबरलेन घराण्याचा, म्हणजे तुमच्या कथेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. त्यांनी तो पिढ्यानपिढ्या गुप्त ठेवला. १८१३ मध्ये एसेक्समधल्या त्यांच्या जुन्या घरात माळ्यावरच्या फळ्यांखाली लपवलेली हत्यारं सापडली. आणि हे चेंबरलेन मूळचे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. धर्माच्या छळामुळे १५६९ मध्ये पळून इंग्लंडला आले. तीही एक कथा आहेच, पण ती वेगळी.

आता मुख्य प्रश्न. चर्चचा नियम तुमच्या कथेसाठी फारच पोषक आहे. अडचणीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो. कोणीही म्हणजे खरंच कोणीही. ८६६ मध्ये बल्गेरियाहून पोप पहिला निकोलस याच्याकडे एक प्रश्न आला होता: एका ज्यू माणसाने पुष्कळ लोकांना बाप्तिस्मा दिलाय, त्यांचं काय करायचं? पोपचं उत्तर असं की पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने झाला असेल तर पुन्हा देऊ नये. म्हणजे तुमच्या सुईणीने म्हटलेले शब्द चर्चच्या दृष्टीने लागू होतात. अट एवढीच की पाणी घालणारा आणि शब्द म्हणणारा माणूस एकच हवा.

हे लक्षात ठेवा, कारण कोर्टात नेमकी हीच अट तिच्यावर उलटू शकते. नाही म्हटलं तर ‘ज्यू बाईने ख्रिस्ती जीव नरकात लोटला’. म्हटलं तर ‘ज्यू बाईने पवित्र संस्काराची विटंबना केली’.

समुद्रकाठ :

माझी पणजी रेवदंड्याकडच्या बाजूची सुईण होती. तिच्याबद्दल सांगते, कथेला काही उपयोग झाला तर होऊ दे.

ती लिहायला-वाचायला शिकलेली नव्हती. तिचे हात मात्र माझ्या आजीने मला इतक्या वेळा वर्णन करून सांगितलेत की मी पाहिल्यासारखेच वाटतात. नखं कायम मुळापासून कापलेली. तळहातावर खोबरेल मुरून मुरून तिथली कातडी गुळगुळीत झालेली. पोटावर हात ठेवला की मूल आडवं आहे की पायाळू, ते डोळे मिटून सांगायची. वार पूर्ण पडली की नाही हे दिव्यापाशी नेऊन उलटीपालटी करून बघायची, एक तुकडा जरी आत राहिला तरी बाई हाताची जाते म्हणायची. पैसे कधी मागितले नाहीत. खण, नारळ आणि पायलीभर तांदूळ, ज्याच्या घरी जे असेल ते.

आमच्या भागात शनवारतेली होते, म्हणजे बेने इस्राएल. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ते नाव. त्यांच्या घरचीही बाळंतपणं पणजीने केली. मुलगा झाला की आठव्या दिवशी त्याची सुंता असायची, तेव्हा तिला मानाने बोलावून वाण द्यायचे. त्यांचे पूर्वज नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले, सात जोडपी वाचली, ही गोष्ट पणजीने त्यांच्याच बायकांच्या तोंडून ऐकली होती. कुणी कुणाला छळल्याची गोष्ट मात्र आमच्याकडे कोणीच सांगितली नाही. म्हणून शेवंतीताई, तुमची कथा वाचताना मला सारखं वाटतंय की तीच बाई, तेच हात, पण आमच्या किनाऱ्यावर जन्मली असती तर म्हातारी होऊन आपल्या ओटीवर मेली असती.

एक सांगायचं राहिलं. पणजी दुसऱ्यांच्या घरातलं काहीच बोलायची नाही. कुणाचं मूल कुणाचं, कुणाची सून किती मार खाते, कुणाचा गर्भ कशाने पडला, सगळं तिला माहीत असणार. आजी विचारायची तर म्हणे, ‘सुईणीच्या तोंडाला कुलूप नसेल तर तिला उंबऱ्यात घेऊ नये.’ तुमच्या सुईणीनेही असंच काहीतरी पाहिलेलं असेल. लोक तिला घाबरत असतील ते त्यामुळे असू शकेल का?

शेवंती :

समुद्रकाठ, डोळ्यांत पाणी आलं हो. नखं आणि वार दिव्यापाशी नेऊन बघणं, दोन्ही घेते. तुमची परवानगी गृहीत धरते आहे.

जुनी_पाने, हत्यार गेलं. इन्क्विझिशनही गेलं. पाणी घालणारा आणि शब्द म्हणणारा एकच, हे मला ठाऊक नव्हतं. त्यावर विचार करते.

वॉर्ड_सात :

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, एकवीस वर्षं प्रसूती विभागात काम केलं.

बाई बाळंतपणानंतर दगावते ती पुष्कळदा रक्त जाऊन. वार अडकलेली असते किंवा गर्भाशय आकसत नाही. वार अडकली तर आजही हात आत घालूनच काढावी लागते. आज भूल देता येते, रक्त देता येतं, गर्भाशय आकसवणारं ऑक्सिटोसिन आहे, अँटिबायोटिक्स आहेत. १४०३ मध्ये यातलं काही नव्हतं, फक्त हात होता. आत हात घातलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो, आणि बाई नंतर मेलेली असते. बघणाऱ्याच्या डोक्यात या दोन गोष्टी लगेच जोडल्या जातात. आजही जोडल्या जातात, मी अनुभवलं आहे. त्या सुईणीचा धर्म वेगळा असेल तर काय होत असेल याची मला नीट कल्पना करता येते.

बाळ निळं असेल तर ती पाठ चोळेल, पायाच्या तळव्यांवर टिचक्या मारेल, तोंडातला चिकटा बोटाने काढेल, कदाचित तोंडाने फुंकर घालेल. नाळ लगेच कापणार नाही. तुमच्या प्रसंगात हे सगळं घाला. ती आधी सुईण आहे, धर्माचा प्रश्न तिच्यापुढे यायच्या आधी तिचे हात कामाला लागलेले असतील.

आता माझी एक गोष्ट सांगते, ती मी कधी लिहिली नव्हती. नोकरीच्या सुरुवातीला तालुक्याच्या गावी होते. रात्री एक बाई आली, सात महिन्यांची. बाळ झालं, अगदी हाताच्या पंजाएवढं, जगणार नाही हे मला आणि तिलाही कळलं. नवरा गावाला, सासू बाहेर बाकावर झोपलेली. ती मला म्हणाली, ‘डॉक्टरबाई, याच्या कानात अजान द्या.’ मला येत नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘मी सांगते, तुम्ही म्हणा.’ ती एकेक शब्द सांगत गेली, तिच्यात मान उचलायची ताकद नव्हती, आणि मी वाकून बाळाच्या उजव्या कानात तो शब्द म्हणत गेले. उच्चार चुकले असतील. सिस्टर शेजारी उभी होती, ती काही बोलली नाही.

तेव्हा मला त्यात धर्माचं काही वाटलं नाही. आईने मागितलं आणि मी दिलं. म्हणून माझं मत: तुमच्या सुईणीने म्हणावं.

तिऱ्हाईत :

वॉर्ड_सात, तुमचा अनुभव वाचून थांबलोच. तरी मी नम्रपणे विरोध करतो.

तुम्ही म्हणालात त्यात तुमचं काही गेलं नाही. त्या बाईचं सगळं जातं. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या वेळी ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्झमध्ये जमावाने ज्यूंना सांगितलं, बाप्तिस्मा घ्या नाहीतर मरा. कितीतरी कुटुंबांनी मरण पत्करलं, आईबापांनी आपल्या हाताने मुलांना मारलं. त्यांच्यासाठीच्या प्रार्थना पुढे पिढ्यानपिढ्या म्हटल्या गेल्या. त्या लोकांतल्या बाईला हे ‘नुसते शब्द’ कसे वाटतील? ज्या शब्दांपायी आपली माणसं मेली ते शब्द ती आपल्या तोंडाने म्हणणार? आपल्याला आज ती उदार हवी आहे, म्हणून आपण तिला उदार करतो आहोत. मला वाटतं, ती मनापासून नाही म्हणेल, आणि तिच्या नाही म्हणण्याचाही मान राखायला हवा.

आणि बाप्तिस्म्याचे शब्द उच्चारले की काय होतं हे १४०३ नंतरही दिसलंच. बोलोन्यात १८५८ मध्ये एदगार्दो मोर्तारा नावाच्या सहा वर्षांच्या ज्यू मुलाला पोपच्या पोलिसांनी आईबापांकडून उचलून नेलं. कारण घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने तो तान्हा असताना आजारपणात गुपचूप बाप्तिस्मा दिला होता. तो परत आलाच नाही, पुढे पाद्री झाला. पाण्याच्या चार थेंबांनी मूल कायमचं गेलं. ज्यू आईला बाप्तिस्म्याचं पाणी कसं दिसत असेल याचा विचार करा.

वॉर्ड_सात :

तिऱ्हाईत, तुमचं म्हणणं पटतंय. मी जे केलं त्यासाठी मला कोणी कोर्टात उभं करणार नव्हतं. हा फरक मी धरलाच नव्हता.

मांडवीकाठ :

गोव्यातल्या पणजी शहरातून लिहितोय. तिऱ्हाईतांनी काढलेला मुद्दा आमच्या मातीतही पुरलेला आहे.

पणजीत गार्सिया द ओर्ताच्या नावाची बाग आहे, चर्चसमोर. तो ज्यू घराण्यातला वैद्य. १४९७ मध्ये पोर्तुगालच्या राजाने तिथल्या सगळ्या ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा केला, त्यातलं हे घर. तो १५३४ मध्ये गोव्यात आला, इथल्या औषधी वनस्पतींवर १५६३ मध्ये गोव्यातच ग्रंथ छापला. १५६८ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारीना हिला इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळलं, गुपचूप ज्यू धर्म पाळते म्हणून. आणि १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. बागेत संध्याकाळी मुलं खेळतात, बॅंडस्टँडवर गाणी होतात. मी तिथे बसलो की मला कातारीना आठवते. तिच्या नावाची बाग नाही.

शेवंतीताई, गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ मध्ये एक फर्मान काढलं, त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी कोणत्या जुन्या चाली सोडायच्या याची लांबलचक जंत्री आहे. बाळ जन्मल्यावर सहाव्या रात्री जागरण करायचं नाही, हे त्यात आहे. म्हणजे आपली सटी! पाचवी-सहावी पुजायची, सटवाई येऊन कपाळावर लिहिते म्हणून रात्रभर दिवा ठेवायचा, ते सगळं बंद. आणि कोणाच्या घरात सहाव्या रात्री दिवा जळत होता, हे सगळ्यांत आधी कोणाला माहीत असणार? बाळंतिणीकडे येणाऱ्या बाईला.

जुनी_पाने :

मांडवीकाठ, तुम्ही लिहिलंत ते वाचून अंगावर काटा आला. स्पेनमध्ये हुबेहूब असंच आहे. तिथल्या बाप्तिस्मा दिलेल्या ज्यूंमध्ये बाळाच्या सातव्या रात्रीचा एक विधी होता, त्याला ‘हादास’ म्हणत. परातीत पाणी, त्यात सोनं, चांदी, मोती, गहू, जव टाकायचे आणि त्या पाण्याने बाळाला न्हाऊ घालायचं. हादास म्हणजे नशीब घेऊन येणाऱ्या पऱ्या, म्हणजे सटवाईच की! इन्क्विझिशनच्या कागदांत हे सगळं आरोप म्हणून नोंदलेलं आहे. आणखी एक आरोप असे, की चर्चमधून आणलेल्या बाळाच्या कपाळावरचं पवित्र तेल यांनी घरी आल्यावर पुसून, धुऊन टाकलं.

बाळाला न्हाऊ घालणारी बाई कोण? सुईण, दाई, मोलकरीण. म्हणून समुद्रकाठ यांच्या पणजीचं कुलूप मला या सगळ्या धाग्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. सत्तेला सुईणीचे हात नकोसे होते, पण तिचे डोळे हवे होते.

आता तिऱ्हाईत यांच्या मुद्द्याकडे. ज्यू धर्मग्रंथांतही या पेचाची चर्चा आहे. मिश्ना या जुन्या नियमसंग्रहामध्ये म्हटलंय की ज्यू बाईने मूर्तिपूजक बाईचं सुईणपण करू नये, कारण ती मूर्तिपूजेसाठी एक जीव जन्माला घालते. पण तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चेत, लगेच पुढे येतं की पैसे घेऊन केलं तर चालेल, नाहीतर शेजाऱ्यांचं वैर ओढवेल. म्हणजे भीती तेव्हाही होती आणि तोडगाही. आपल्या लोकांसाठी मात्र नियम अगदी मायेचे. बाळंतपणासाठी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, मोडायला परवानगी, सुईणीला दुसऱ्या गावाहून बोलावून आणायला परवानगी. बाळंतिणीसाठी दिवा लावायला परवानगी, आणि ती आंधळी असली तरी लावावा असं स्पष्ट म्हटलंय. का? तर तिच्या मनाला धीर येतो, की मला दिसत नसलं तरी माझ्याजवळच्या बाईला दिसतंय. सुईणीला मिश्नात जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘शहाणी बाई’.

आणि बायबलमध्ये नावानिशी आलेल्या पहिल्या दोन सुईणी, शिफ्रा आणि पुआ. फारोने, म्हणजे इजिप्तच्या राजाने सांगितलं, इब्री (ज्यू) बायकांना मुलगा झाला की त्याला मारा. त्यांनी मारलं नाही, आणि जाब विचारल्यावर सांगितलं की या बायका दणकट आहेत, आम्ही पोचायच्या आत बाळंत होतात. ती सरळसरळ थाप होती, आणि ग्रंथ तिच्याबद्दल देवाने त्यांचं भलं केलं असं सांगतो. तुमच्या सुईणीला ही गोष्ट लहानपणापासून पाठ असेल.

समुद्रकाठ :

आंधळीसाठीही दिवा. हे मी लिहून ठेवलं.

शेवंतीताई, मला एक सुचतंय. आईच म्हणू शकत नाही का ते शब्द? वॉर्ड_सात यांच्या गोष्टीत आई सांगत होती ना. पणजी बाळ पहिल्यांदा आईच्या छातीवर ठेवताना आईच्या कोपराखाली आपला हात लावायची, कारण आईच्या हातात जोर नसतो. तसं काही?

जुनी_पाने :

आई देऊ शकते. अडचणीच्या वेळी कोणीही म्हणजे आईसुद्धा. पण पाणीही तिनेच घालायला हवं.

वॉर्ड_सात :

इतकं रक्त गेलेल्या बाईला वाटी उचलता येणार नाही. मनगट कोणीतरी धरावं लागेल.

शेवंती :

थांबा. मला दिसलं.

दोन दिवसांनी येते.

तिऱ्हाईत :

वाट बघतोय. तोवर एक माहिती, विषयाला धरूनच आहे. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख म्हणून १९२८ ते १९४७ काम केलेल्या डॉ. जेरुशा झिराड बेने इस्राएल होत्या. लंडनला जाऊन स्त्रीरोगशास्त्रात एम.डी. करून आलेल्या. १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. सगळ्या जातिधर्मांच्या बायकांनी भरलेल्या मुंबईतल्या वॉर्डात एक ज्यू बाई बाळंतपणं करत होती, आणि त्यासाठी तिला कोणी कोर्टात उभं केलं नाही. समुद्रकाठ म्हणाल्या ते यावरून आठवलं.

शेवंती :

आले. दोन दिवसांचे पाच झाले, माफ करा. कथा पूर्ण व्हायला वेळ आहे, पण तो प्रसंग लिहून झालाय. तुम्हा सगळ्यांचं त्यात काही ना काही आहे. इथे देते.

*

वारा दाराच्या फळ्यांतून आत शिरत होता आणि दिवा दोनदा विझला. दोन्ही वेळा तिने काम थांबवून तो लावला. कोपऱ्यातली शेजारीण म्हणाली, ‘राहू दे, तिचे डोळे मिटलेत, तिला कुठे दिसतंय.’ सुईण म्हणाली, ‘मला दिसतंय हे तिला कळायला हवं.’

बाळ निळं होतं. तिने करंगळी त्याच्या तोंडातून फिरवली, पालथं धरलं, पाठ चोळली, तळव्यांवर बोटं मारली. तोंडाला तोंड लावून हळूच फुंकलं. जैतुनाच्या तेलाचा आणि रक्ताचा वास. एकदा छाती हलली. मग पुन्हा नाही.

‘तू म्हण,’ आई म्हणाली. ‘तुला येतात ते शब्द. इतक्या घरांत ऐकले असशील.’

तिने ऐकले होते. तिच्या आजीनेही ऐकले होते, तुलाँच्या रस्त्यात, ओरडून म्हटलेले. तिने बाळ फडक्यात गुंडाळलं आणि ते आईच्या कुशीत ठेवलं. ‘माझ्या तोंडचे नकोत तुझ्या लेकराला,’ ती म्हणाली. ‘आणि मलाही म्हणता यायचे नाहीत. तू आई आहेस. तू म्हण.’

‘हात उचलत नाही.’

सुईणीने वाटीत पाणी घेतलं. पाणी गार होतं, म्हणून आधी आपल्या तळहातावर घेऊन क्षणभर कोमट केलं. वाटी आईच्या बोटांत दिली आणि खालून तिचं मनगट धरलं, पहिल्यांदा छातीशी लेकरू धरणाऱ्या बाईचं धरतात तसं. मनगटात जोर नव्हता, पण नाडी होती. तिने डोळे वाटीकडे ठेवले, बाळाकडे नाही.

आईचे ओठ हलले. आवाज वाऱ्यात गेला. पाणी कपाळावर पडलं, थोडं फडक्यावर सांडलं.

कोपऱ्यात दोघी शेजारणी उभ्या होत्या. दिवा त्यांच्या बाजूला नव्हता.

तीन आठवड्यांनी त्यांतली पहिली शपथ घेऊन म्हणाली की पाणी आईने घातलं. दुसरीचा पहिला मुलगा याच सुईणीच्या हातावर जन्मला होता. लेखनिकाने लेखणी दौतीत बुडवली आणि विचारलं, वाटी कोणाच्या हातात होती. ती बराच वेळ जमिनीकडे बघत राहिली.

‘हात दोन होते,’ ती म्हणाली. ‘वरचा कोणाचा, खालचा कोणाचा, मला दिसलं नाही. पण ज्यू बाईचा हात पाण्याला लागला होता.’

लेखनिकाने फक्त शेवटचं वाक्य लिहून घेतलं.